डोंगर कुणाचा आणि रविवार कुणाचा?

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. मला गोल्फ आवडला.

खरं तर आवडायला नको होता. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल आणि कुस्ती पुरते, आणि दोन्हींत दम लागतो, घाम येतो, प्रेक्षक आरडाओरडा करतात. गोल्फ म्हणजे श्रीमंत रिटायर्ड माणसांचं मॉर्निंग वॉक, मध्येमध्ये काठी फिरवायची, इतकंच माझं मत होतं. पण जानेवारीच्या शेवटी आमच्या टीमची ऑफसाईट झाली (रिलीज वेळेवर गेला, क्लायंट खूश, मॅनेजर उदार), सह्याद्रीतल्या एका डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये. रिसॉर्टचं नाव सांगत नाही, कारण भांडण त्या एका रिसॉर्टशी नाहीये. तिथे सकाळी सहा वाजता धुक्यात उभं राहून मी पहिला फटका मारला. पहिले सात हवेत गेले, म्हणजे बॉल जागेवर आणि काठी हवेत. आठवा लागला. 'टक्' असा एक कोरडा आवाज आला आणि ती पांढरी गोळी दरीच्या अंगाला गेली, वर चढली, चढतच राहिली. गोल्फच्या बॉलवर ते बारीक खळगे असतात ना, त्यांच्यामुळे हवेचा विरोध कमी होतो आणि बॉल गुळगुळीत बॉलपेक्षा खूप लांब जातो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हे पाठ करून पेपरात लिहिलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मजा आली, खोटं कशाला बोला.

तर हा लेख गोल्फला शिव्या घालणारा नाही. भांडण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला पंधरा दिवस पुढे जावं लागेल.

माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पंचगंगेच्या घाटावरून पहाटे निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत, गायमुखावरून डोंगर चढायचा आणि वाडी रत्नागिरीला देवाच्या पायरीला पोचायचं. असे पाच रविवार. शहरापासून अंतर सतरा-अठरा किलोमीटर. बरेच जण अनवाणी. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण तीन हजार शंभर फूट. वर केदारनाथाचं देऊळ, आजचं बांधकाम राणोजी शिंद्यांनी १७३० साली केलेलं. जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे सगळं रविवारी. मी इंजिनिअरिंगला असताना दर वर्षी एक तरी खेटा घालायचो (बॅकलॉग असला की दोन). पुण्याला आल्यावर सुटलं होतं. यंदा मामाबरोबर गेलो.

पहाटे साडेचारला घाटावर थंडी अशी, की दात वाजत होते. निगव्याच्या पुढे गुऱ्हाळाचा वास, मग उसाच्या गाड्या, मग हळूहळू उजाडायला लागलं. बाजूला बाया, पोरं, एक आजोबा काठी टेकत, कॉलेजची पोरं मोबाईलवर गाणी लावून, एक डॉक्टरीणबाई, एक सेंट्रिंग काम करणारा गडी. चढाला लागल्यावर कुणीतरी मागून 'जोतिबाच्या नावानं' म्हणतं आणि सगळा डोंगर 'चांगभलं' म्हणतो. संपूर्ण वाटेत मला कुणी विचारलं नाही, तुम्ही मेंबर आहात का. गेस्ट कुणाचे. बूट योग्य आहेत का. तुमच्या शर्टाला कॉलर आहे का. (रिसॉर्टमध्ये आमच्या टेस्टिंगच्या पोराला गोल गळ्याच्या टीशर्टवरून परत पाठवला होता. हे आपलं उगाच आठवलं.)

गायमुखाच्या अलीकडे एका बांधावर आम्ही चहाला टेकलो, तेव्हा मामा सहज म्हणाला, "डोंगराकडंची पट्टी मागाय लागल्यात."

"कोण?"

"हाय एक डीलर. पुण्याच्या पार्टीसाठी. म्हणतो रिसॉर्ट हुणार, पुढंमागं गोल्फ पन करनार. चित्रं दावली त्यानं. हिरवंगार समदं."

मी विचारलं, चित्रात काय होतं. मामा म्हणाला, "हरळी."

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हती चेष्टा. गोल्फ कोर्सचं गवत म्हणजे जगात बहुतेक उष्ण ठिकाणी बर्म्युडा ग्रास, किंवा त्याची संकरित भावंडं. आणि बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. मी हे सांगितल्यावर मामा कपाळाला हात लावून हसला. "आरं, हरळी काढता काढता आमच्या दोन पिढ्या मातीत गेल्या. आन् ही लोकं पैसं दिऊन लावत्यात व्हय?"

हसलो दोघं. पण मग मामाने खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्या डीलरने दिलेला नकाशा. त्यात मामाच्या बांधावरून वर जाणारी जी पायवाट आहे, जिच्यावर आम्ही त्या क्षणी बसलो होतो, तिथे एक जाड काळी रेघ होती. बाजूला लिहिलेलं होतं, 'कंपाऊंड वॉल'.

आता भांडणाला सुरुवात करतो.

पहिला मुद्दा नेहमी येतो तो हिरवाईचा. "अरे, गोल्फ कोर्स झाला तर निदान डोंगर हिरवा राहील. नाहीतर तिथे बिल्डिंगा होतील." माझे अर्धे मित्र हे म्हणतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण आपण सगळे शहरात वाढलेले किंवा शहरात विसावलेले लोक. आपल्याला हिरवं दिसलं की बरं वाटतं. पण हिरवा हा रंग आहे, निसर्ग नाही. आपल्याकडचे डोंगर वर्षातून चार-पाच महिने हिरवे असतात आणि बाकीचे महिने पिवळे, तांबडे, काळे. ते आजारी म्हणून पिवळे नसतात, ते तसेच असतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे घ्या. कातळावर दोन-चार इंच माती. बाहेरून बघणाऱ्याला ते पडीक माळरान वाटतं, डीलरला तर वाटतंच. पावसाळा संपता संपता त्याच कातळावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी उगवते, आणि मग आपणच गाड्या घेऊन फोटो काढायला जातो. कास पठार याच प्रकारातलं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं त्यात ते आहे. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार असंच, त्यालाही आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. शिवाजी महाराज १६६० च्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले ते याच पठारावरून. अशा जमिनीवर गोल्फ करायचा म्हणजे खालून ट्रकने माती आणायची, उंचसखल सारखं करायचं, पाइप टाकायचे, आणि बारा महिने हरळी जगवायची. ग्रीनवरचं गवत तर तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं ठेवावं लागतं. इतकं बारीक कापलेलं गवत सतत आजारी पडतं, म्हणून मग बुरशीनाशकं, कीटकनाशकं, खतं. डोंगरमाथ्यावर जे फवाराल ते खालच्या ओढ्यात येणार. पाणी वर चढत नाही, एवढं फिजिक्स आपल्याला येतं.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथे मी आकडे मांडतो, म्हणजे कुणी मला भावनिक म्हणायला नको.

अठरा होलच्या कोर्समध्ये पाणी घालावं लागणारा भाग ४० हेक्टर धरू, म्हणजे शंभर एकर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात गवत हिरवं ठेवायला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. गुणाकार करा: ४० गुणिले ५ गुणिले १०,०००. वीस लाख लिटर. रोज. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलंय. वीस लाखाला ५५ ने भागलं तर येतात छत्तीस हजार माणसं. नऊ होलचा छोटा कोर्स असेल तर अठरा हजार. अर्धं पाणी सांडपाणी शुद्ध करून वापरलं म्हणा, तरी छोट्या कोर्सला नऊ हजार माणसांचं पाणी लागतंच. माझी गृहीतकं पटत नसतील तर तुमची घाला, गणित तेच आहे. उत्तर एका मोठ्या गावाच्या खाली येत नाही.

इथे कोल्हापूरचाच एखादा मित्र मला पकडेल, आणि बरोबर पकडेल. "आणि ऊस काय पितो रे, चहा?" मान्य. ऊस गोल्फपेक्षा कमी पाणी पीत नाही. आमच्या जिल्ह्याने उसाच्या पाण्याबद्दल कधीतरी आरशात बघायला हवं, आणि त्या विषयावर माझं घरात आधीच दोनदा वाजलंय. पण दोन फरक आहेत. ऊस नदीकाठी असतो, पाणी उचलून डोंगरमाथ्यावर नेत नाहीत. आणि एकराच्या उसामागे एक घर असतं, त्याची मुलं, त्याचे तोडणी कामगार, गुऱ्हाळ, कारखाना. चाळीस हेक्टरच्या हरळीमागे किती घरं असतात?

यावर तिसरा मुद्दा येतो, रोजगार. "स्थानिकांना नोकऱ्या मिळतात." मिळतात, खरंच मिळतात. मला त्या रिसॉर्टवर एक मिळालाच, माझी बॅग वाहायला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, कॅडी. नाव लिहीत नाही. तिसऱ्या होलला मी त्याला विचारलं, कुठला तू. त्याने फेअरवेच्या पलीकडे, झाडांच्या मागे खाली बोट दाखवलं. "ते काय सर, पत्रे दिसतात ते. इथं आमची गुरं चरायची." अगदी सहज म्हणाला, हवामान सांगावं तसं. वाऱ्याचा अंदाज त्याला, उताराचा अंदाज त्याला, कुठला क्लब काढायचा ते तो सांगायचा. मी म्हटलं, तू मारून दाखव की एक. त्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी सुपरवायझर आहे का. मग एकच फटका मारला. माझ्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली तरी तेवढं अंतर झालं नसतं. लगेच काठी पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सांगू नका सर कुणाला."

मित्रहो, हा रोजगार आहे. पण ज्या जमिनीवर बाप गुरं चारायचा, तिथे पोराला एक फटका मारायचा तर मागे वळून बघावं लागतं, याला मी विकास म्हणणार नाही. आणि तो पोरगा खेळला असता तर कुठे पोचला असता हे कुणी सांगावं? १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर हा दिल्लीचा कॅडीच होता. आपल्या देशात गोल्फचं टॅलेंट कुठे आहे हे तेव्हाच कळलं होतं. ते बॅगा वाहत होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला कुणी "तू गोल्फद्वेष्टा आहेस, तुला स्कॉटलंडची संस्कृती कळत नाही" असं म्हणणार असेल तर चला, स्कॉटलंडलाच जाऊ.

सेंट अँड्र्यूज. गोल्फची पंढरी. तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायला जगभरातून लोक येतात, आयुष्यभराचं स्वप्न म्हणून. ही जमीन कुणाची आहे? गावाची. ती एका कायद्याने, १९७४ च्या संसदेच्या कायद्याने नेमलेल्या ट्रस्टच्या ताब्यात आहे, आणि कोर्स सार्वजनिक आहे. आणि रविवारी काय होतं? रविवारी ओल्ड कोर्स सर्वसाधारणपणे बंद असतो. म्हणजे गोल्फला बंद. गावाला उघडा. लोक कुत्री घेऊन येतात, पोरं पळतात, म्हाताऱ्या बायका सगळ्यात प्रसिद्ध होलच्या मधून चालत जातात, त्या छोट्या दगडी पुलावर उभं राहून फोटो काढतात. कुणी हाकलत नाही. शिवाय २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये माणसाला, नीट वागून, गोल्फ कोर्स ओलांडून पायी जायचा हक्क दिलाय. ग्रीनवर पाय द्यायचा नाही, खेळणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, एवढंच.

वाचलंत ना? जिथे हा खेळ जन्मला, जिथे १४५७ साली राजाने बंदी घातली होती कारण पोरं धनुष्यबाण सोडून गोल्फ खेळत होती, तिथे रविवारी मैदान लोकांचं असतं. आपण खेळ आणला, क्लब आणला, कॉलरवाला शर्ट आणला, 'रॉयल' आणलं. रविवार तेवढा आणला नाही.

कारण आपण तो स्कॉटलंडहून आणलाच नाही. आपण तो साहेबाच्या हिल स्टेशनवरून आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. मग साहेब जिथे जिथे थंड हवेला गेला तिथे तिथे होल पाडत गेला: उटी, कोडाईकनाल, शिलाँग, गुलमर्ग. लॉर्ड कर्झनला सिमल्याजवळचं नालदेहरा इतकं आवडलं की १९०४ साली झालेल्या मुलीच्या नावातच त्याने 'नालदेरा' घातलं. या सगळ्या डोंगरांवर गोल्फचा अर्थ एकच होता: खालचे लोक खाली, आम्ही वर. साहेब गेला. अर्थ राहिला. फक्त आता कुंपणाच्या आत आपण आहोत, म्हणून तो आपल्याला टोचत नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. पैसा संस्थानाचा, पण बांधलं कसं, तर खोलगट वाडग्यासारखं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातली कुस्ती दिसावी म्हणून. राजाने खेळाला आश्रय द्यायचा तो असा. खेळ उच्च की नीच हा प्रश्न नाहीच, मैदान कुणाला दिसतं आणि कुणाचे पाय त्याला लागतात हा प्रश्न आहे. आमचा पेठापेठांतला फुटबॉल कितीही भांडखोर असो, शाहू स्टेडियमवर बसायला मेंबरशिप लागत नाही.

बरं, जोतिबाचं मी फार गोड चित्र काढलं असं वाटत असेल तर तेही दुरुस्त करतो. चैत्र यात्रेला लाखो लोक येतात, उंचच उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने देऊळ, रस्ते, माणसं गुलाबी होतात, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या यांचा खच असतो. रस्ता जाम होतो. डोंगरावर पाण्याची ओढाताण नवीन नाही. भाविक म्हणून आपण डोंगराला फार जपतो असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण एक गोष्ट आहे. त्याच यात्रेत कोल्हापूरचे टू-व्हीलर मेकॅनिक रस्त्यात ठाण मांडून भाविकांच्या गाड्यांची पंक्चर फुकट काढतात. वाटेवर अन्नछत्र असतं, तिथे जात विचारत नाहीत आणि बिल देत नाहीत. जो डोंगर सगळ्यांचा असतो तो घाण होतो हे खरं, पण त्याला झाडणारेही निघतात, कारण तो त्यांचा असतो. सगळ्यांची गोष्ट बिघडली तर दुरुस्त करता येते. कुंपणाच्या आत गेलेली गोष्ट बिघडली तर आपल्याला कळतसुद्धा नाही.

कळतं, पण उशिरा. १९९६ साली राज्य सरकारने हिल स्टेशनसारख्या भागांत पर्यटन रिसॉर्ट आणि टाउनशिप करायला खास नियमावली काढली. त्यातून मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी आयटीवाल्यांनी त्याच्या जाहिराती बघून उसासे टाकले आणि काहींनी बुकिंग केलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अँबी व्हॅलीत अठरा होलचा, रात्री दिव्यांत खेळता येणारा गोल्फ कोर्स. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अख्ख्या प्रकल्पाचा लिलाव करायचा आदेश दिला होता. मी असं म्हणत नाही की प्रत्येक रिसॉर्ट बुडतो. मी म्हणतो, बुडाला तर बुकिंग करणाऱ्याचे पैसे जातात, कंपनी कोर्टात जाते, पण डोंगर परत कुणाला मिळत नाही. गुरं पुन्हा तिथे चरायला जात नाहीत.

आणि या सगळ्यात खलनायक तो डीलर नाही. तो बिचारा कमिशनवर आहे. ग्राहक कोण आहे? मी आहे. तुम्ही आहात. हिंजवडीत पाच दिवस एसीत बसून सहाव्या दिवशी 'निसर्गात' जायचं, पण निसर्गात लोक नकोत, शेणाचा वास नको, 'चांगभलं' नको, फक्त 'व्ह्यू' पाहिजे, ही मागणी आपली आहे. आपला पगार ही त्या कंपाऊंड वॉलची पहिली वीट आहे. हे मला ऑफसाईटला धुक्यात उभं असताना सुचलं नाही. बांधावर चहा पिताना सुचलं, हा माझा दोष.

मग करायचं काय? "गोल्फ बंद करा" ही घोषणा सोपी आहे आणि निरुपयोगी आहे. उदयन माने पुण्यातून खेळत टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला, अदिती अशोक तिथेच चौथी आली. मला ते बघायला आवडलं, अजून दहा जण जावेत असं वाटतं. माझं म्हणणं चार वाक्यांत सांगतो. एक, सड्यांवर आणि डोंगरमाथ्यावर गोल्फ नको, सपाटीला जागा आहे. दोन, पाणी स्वतःच्या सांडपाण्याचं, शुद्ध केलेलं, आणि ते पुरत नसेल तर उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या. ओल्ड कोर्ससुद्धा कडक उन्हाळ्यात पिवळा पडतो आणि त्यावर सगळ्यात मोठ्या स्पर्धा होतात. तीन, कॅडीला आणि गावच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस खेळायचा हक्क, मेहेरबानी नाही. चार, जुन्या पायवाटा उघड्या, आणि रविवारी कुंपणाचं दार सताड उघडं. हे जमत नसेल तर तो रिसॉर्ट आपल्या डोंगरावर नको. जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्सला जमतं, यांना न जमायला काय झालं?

आता शेवटचं, आणि हे लिहायला जड जातंय.

मामाच्या त्या पट्टीच्या सातबाऱ्यावर माझ्या आईचंही नाव आहे. आजोबांनंतर लागलेलं. मामाने हक्कसोड कधी मागितली नाही, आईने कधी वाटणी मागितली नाही. त्यामुळे विकायची तर आईची सही लागणार. आणि आईने कागद माझ्याकडे पाठवलेत. "तू वाचून सांग, मग सही करते."

खेट्यावरून उतरताना मी मामाला हे सगळं भाषण दिलं, सडे, युनेस्को, सेंट अँड्र्यूज, वीस लाख लिटर. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "समदं खरं हाय तुजं. पन पोरीचं इंजिनिअरिंग हाय. त्या पट्टीत नाचणीबी धड येत न्हाई. मग तू कसतोस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाची मुलगी कॉम्प्युटरला आहे, दुसऱ्या वर्षाला. तिला मीच म्हटलं होतं, कॉम्प्युटर घे, स्कोप आहे.

तर मी आईला "सही करू नकोस" असं सांगितलेलं नाही. तो अधिकार मला पुण्यात बसून नाही. मी दोन गोष्टी केल्या. बहिणीच्या फीचा पुढच्या दोन वर्षांचा हिशोब मांडून मामाला सांगितलं की अर्धी फी माझी. दान नाही, मामाने माझ्या हॉस्टेलला तांदूळ पुरवलेत चार वर्षं. म्हणजे घाईने विकायचं कारण तरी उरणार नाही. आणि दुसरं, पट्टी विकायचीच ठरली, तर खरेदीखतात वाट लिहून घ्यायची. बांधावरची वाट, रुंदी किती, कुठून कुठे, कायम वहिवाटीची, नकाशासकट. तोंडी नको. तोंडी वाट भिंत बांधायला घेतली की नाहीशी होते. कुणाच्या गावची अशी वाट आत्ता कुणी अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे लक्षात ठेवा. बहुतेक वाटा त्या सहा महिन्यांत, "बघू, बोलू" करताना मरतात.

डीलरला मामाने वाटेची अट सांगितली. तो म्हणाला, पार्टीला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.

पुढच्या माघात मी परत खेट्याला जाणार आहे. त्या बांधावर पुन्हा चहाला टेकायचं आहे, आणि तिथे टेकता येतं का, एवढंच बघायचं आहे.